पडला, पण किती सेकंदांनी?

चवथ होते, पाच दिवसांचे गणपती पोचवून होतात आणि गोव्यातली कार्यालयं पुन्हा उघडतात. पतसंस्था, सीएंची ऑफिसं, छापखाने, देवस्थानच्या कमिटीची खोली. दार उघडलं की आधी येतो तो बंद खोलीचा ओलसर वास. कुणी खिडकी उघडतं, कुणी उदबत्ती लावतं, कुणी कोपऱ्यातल्या सर्व्हरचं बटण दाबतं. पंखे एकदम जोरात घोंघावतात, मग आवाज खाली बसतो, दिवे हिरवे होतात. सगळे आपापल्या खुर्चीकडे वळतात, आणि पाठीमागचा तो आवाज मध्येच तुटतो.

मग फोन जातो. “सर्व्हर चालू होतो आणि लगेच पडतो.”

“लगेच म्हणजे किती वेळानं?”

“लगेच म्हणजे... लगेच हो.”

या ‘लगेच’ला आकडा मिळाला की निम्मं निदान झालं, असं मला मनापासून वाटतं. दोन सेकंदांनी पडणारा सर्व्हर आणि दीड मिनिटानं पडणारा सर्व्हर यांचा आजार एक नसतो. प्रत्येक वेळी बरोबर तितक्याच सेकंदांनी पडणारा आणि कधी वीस, कधी चारशे सेकंदांनी पडणारा, हेही वेगळे रोगी. नाडी न बघता औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण जात नाही. इथे मात्र नाडी बघायच्या आधीच रॅम बदलली जाते, विंडोज नव्यानं टाकली जाते, आणि तीन दिवसांनी मशीन पुन्हा तिथल्या तिथे.

जो सर्व्हर अजिबात उठत नाही, तो एका अर्थानं सोपा. तो उठत नाही म्हणून माणूस शांतपणे शोधायला बसतो. उठून पडणारा सर्व्हर मात्र दर वेळी आशा लावतो, आणि ती आशा हाताला पुन्हा बटणाकडे नेते. दहा वेळा, पंधरा वेळा. म्हणून पहिलं काम हे की बटणावरचा हात काढायचा. अर्धवट बूट झालेल्या, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स निम्मंच उठलेल्या, प्रत्येक वेळी डिस्कवर काहीतरी लिहायला सुरुवात झालेली असते आणि ते मध्येच कापलं जातं. रेडमधल्या, म्हणजे एकच साठा म्हणून जोडलेल्या, डिस्का एकमेकींशी जुळवून घेत असतील तर ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून. डेटाबेस आपली सावरासावर करत असेल तर तीही पहिल्यापासून. शिवाय मेमरीत असलेल्या नोंदी वीज जाताच पुसल्या जातात. पडण्याचं कारण सांगू शकणारा साक्षीदार आपणच हाकलून देतो.

त्याऐवजी एक कागद, एक पेन्सिल आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्यावं. तीनदाच चालू करायचं. प्रत्येक वेळी बटण कधी दाबलं, आवाज कधी बदलला, स्क्रीनवर शेवटचं काय दिसलं आणि किती सेकंदांनी पडला हे लिहायचं. पहिल्या दोन प्रयत्नांमध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवायचं, तिसरा प्रयत्न मात्र दुसऱ्याच्या पाठोपाठ लगेच. या अंतराचं कारण पुढे येईल.

आता आकडे वाचू.

एक-दोन सेकंदांत मेला, पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यानं, म्हणजे एसएमपीएसनं, स्वतःला वाचवण्यासाठी तोंड मिटून घेतलंय. मदरबोर्डखाली पडलेला स्क्रू, वाकलेली यूएसबीची पिन, किंवा एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरलेली पाल. शेवटचं कारण आपल्याकडे दुर्मीळ नाही. पावसाळ्यात उबेला पाली येतात, मुंग्या येतात, आणि सर्व्हरच्या पोटाइतकी कोरडी, उबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाही. अशा वेळी मशीन उघडं करून फक्त बोर्ड, एक प्रोसेसर, रॅमची एक काडी आणि एसएमपीएस एवढंच जोडायचं. त्यावर टिकला तर एकेक भाग जोडत जायचं. ज्या भागाबरोबर पुन्हा पडला, तो चोर.

चार-पाच सेकंद, आणि दर वेळी अगदी तेवढेच? हा आकडा मी खास लक्षात ठेवायला सांगेन. एटीएक्स या नेहमीच्या मांडणीच्या मशीनमध्ये पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की वीज तोडायची, असा नियमच आहे. बटणाची स्प्रिंग गंजून आत अडकली तर मशीन चालू होतं आणि बटण अजून दाबलेलंच आहे असं समजून चार सेकंदांनी आज्ञाधारकपणे बंद होतं. मशीन बिचारं बरोबर वागत असतं. कळंगुट, कोलवा किंवा हरमलच्या किनाऱ्याकडे, जिथे गेटच्या कड्यासुद्धा दोन वर्षांत तांबूस होतात, तिथे हे बटण आधी तपासावं. पुढच्या पॅनलकडून मदरबोर्डवर येणारी बटणाची दोन तारांची जोडणी काढायची आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. मशीन चालू होऊन टिकलं तर साठ-सत्तर रुपयांच्या बटणाचा प्रश्न होता. अशा बटणापायी मदरबोर्ड बदलला जाणं ही माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे.

पाच ते पंधरा सेकंदांच्या पट्ट्यात पडत असेल तर डिस्का आणि वीज यांच्याकडे बघायचं. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, म्हणजे चोवीस वॅट. एकदा वेग धरला की हा आकडा बराच खाली येतो. आठ डिस्का एकदम उठल्या तर त्या काही सेकंदांपुरते जवळजवळ दोनशे वॅट फक्त त्यांनाच लागतात, आणि त्याच वेळी पंखेही पूर्ण वेगात असतात. सहा-सात वर्षं चाललेल्या एसएमपीएसला किंवा थकलेल्या यूपीएसला नेमका हा चढ झेपत नाही. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची खरी ताकद सुमारे ३६० वॅट असते, पण खोक्यावर ठळक छापलेला असतो तो ६०० चा आकडा, आणि खरेदी करणारा तोच वाचतो. रेड कंट्रोलरमध्ये डिस्का एकामागून एक उठवण्याची सोय असते, ती चालू करून बघावी. यूपीएस बाजूला काढून एकदा सरळ भिंतीतल्या प्लगवर मशीन चालवून बघावं. टिकलं तर यूपीएसची बॅटरी मोजायची. १२ व्होल्टची बॅटरी चार्जरवर असताना साडेतेरा दाखवेल आणि मन फसवेल. भार टाकल्यावर ती किती उरते हे बघायला हवं. साडेदहाच्या खाली गेली की तिचं आयुष्य झालं.

एसएमपीएसचे व्होल्टही मशीन चालू असतानाच मोजायचे. पिवळ्या तारेवर १२, लालवर ५, केशरीवर ३.३, आणि मीटरची काळी प्रोब काळ्या तारेवर. पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६. मात्र साधं मल्टिमीटर क्षणभराचा खड्डा दाखवू शकत नाही. आकडा बरोबर दिसूनही संशय जात नसेल तर चांगला एसएमपीएस उसना आणून लावणं हाच खरा उपाय. सर्व्हरच्या केबल एकाच रंगाच्या असतील तर रंगावर न जाता कनेक्टरचा नकाशा बघून मोजावं. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार शिल्लक असू शकतो.

आता त्या अंतराचं कारण. पहिल्यांदा तीन मिनिटांनी पडला, दहा मिनिटं थांबून लावल्यावर पुन्हा जवळपास तेवढ्याच वेळानं पडला, पण पाठोपाठ लावल्यावर चाळीस सेकंदांत. वेळ असा आक्रसत गेला तर तो ताप आहे. आधीच्या प्रयत्नातली उष्णता अंगात असल्यामुळे मर्यादा लवकर गाठली जाते. प्रोसेसर गरम झाला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी पारा चढतच गेला तर सरळ वीज तोडतो. कॅबिनेट उघडून हीटसिंक हलकेच हलवून बघा. डुगडुगत असेल तर कोपऱ्यातला स्क्रू किंवा प्लास्टिकची खुंटी सुटलीय. हीटसिंक उचलल्यावर आतली पेस्ट बघण्यासारखी असते. ताजी असते तेव्हा ती लोण्यासारखी पसरते. पाच-सहा वर्षांनी तिचा खडू झालेला असतो, नखानं खरवडली की पांढरट भुकटी पडते, आणि मध्ये मध्ये उघडे पडलेले धातूचे ठिपके दिसतात. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसायची. साध्या आकाराच्या प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवायची. सर्व्हरचा लांबट, मोठा प्रोसेसर असेल तर बनवणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे जास्त. मग स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, आलटूनपालटून आवळायचे. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की दुसऱ्या बाजूला केसाएवढी फट राहते, आणि तेवढी पुरते.

वेळेला काही धरबंदच नसेल, कधी बूट होताना, कधी लॉगिनच्या पानावर, कधी वीस मिनिटं नीट चालून, तर रॅम. इथे मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवण्याला पर्याय नाही. एक फेरी स्वच्छ गेली म्हणून खूश होऊ नये, निदान चार व्हाव्यात. खरा सर्व्हर असेल आणि ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखणारी, रॅम असेल तर काम आणखी सोपं. मदरबोर्डवर एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटर असतो, कुणी त्याला बीएमसी म्हणतं, कुठे आयड्रॅक, कुठे आयलो. मुख्य मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत तो जागा असतो आणि आपली डायरी लिहीत असतो. कुठल्या स्लॉटमधल्या रॅमनं चूक केली, कुठल्या एसएमपीएसचा पुरवठा तुटला, कुठला प्रोसेसर तापला, ते वेळेसकट. कितीतरी कार्यालयांत या डायरीचं नेटवर्क पोर्ट कधीच जोडलेलं नसतं. एक केबल लावून ती आधी वाचली तर बाकीची निम्मी खटपट वाचते.

एक सावधगिरी मात्र हवी. रॅम नवी टाकल्यावर किंवा बायोस, म्हणजे मशीन उठवणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, बदलल्यावर मोठी मशीनं पहिल्यांदा उठताना रॅमची ओळख करून घेतात, आणि भरपूर रॅम असेल तर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून कुणी बटण दाबून बंद करतं आणि ‘आता तर चालूच होत नाही’ अशी नवी तक्रार सुरू होते. पंखे फिरत असतील तर दहा मिनिटं हात बांधून बसावं.

गोव्याच्या हवेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मशीनबरोबरची पुस्तिका ज्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते त्या आपल्या नसतात. सर्व्हरच्या खोलीसाठी १८ ते २७ अंश तापमान आणि साठ टक्क्यांच्या आत आर्द्रता ठेवावी, अशी अमेरिकेतल्या आश्रे या संस्थेची शिफारस जगभर मानली जाते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, चिऱ्याच्या भिंती पाणी पितात आणि आठवडाभर खोलीत सोडत राहतात.

स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. मृग लागला की जाडं मीठ पाझरायला लागतं, तळाशी पाणी साचतं, म्हणून त्यात कुणी भाजलेले तांदूळ घालतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, हा त्याचा ठरलेला गुण. किनाऱ्यावरच्या वाऱ्यातून जी बारीक धूळ मशीनमध्ये शिरते तिच्यात हेच मीठ असतं. उन्हाळ्यात ती निरुपद्रवी असते, रॅमच्या आणि कार्डांच्या पिनांमध्ये नुसती पडून असते. मशीन रोज चालतं तोवर आतली ऊब तिला कोरडं ठेवते. पण चवथीच्या सुट्टीत मशीन पाच-सात दिवस बंद राहिलं, खोली बंद, एसी बंद, की त्या धुळीचं खारं पाणी होतं. खारं पाणी वीज वाहून नेतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळीच सर्व्हर पडतो त्यामागे पुष्कळदा हे मीठ असतं. म्हणूनच तो एखादा तास कसाबसा चालला तर पुढे सुधारल्यासारखाही वाटतो. आतून वाळतो, पण तांब्यावर हिरवा बुरा उरतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुखणं जास्त जोरानं परत येतं.

रॅमच्या काडीची सोनेरी कडा उजेडात तिरकी धरून पाहावी. प्रत्येक पट्टी एकसारखी चकाकायला हवी. मळकट, तपकिरी डाग दिसले तर पुष्कळ जण खोडरबरानं घासतात. मला ते पटत नाही. सोन्याचा तो थर इतका पातळ असतो की चार-पाच वेळा घासल्यावर खालचा धातू उघडा पडतो, आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात ते वेगळेच. नव्व्याण्णव टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड, एवढं पुरतं. औषधाच्या दुकानातलं सत्तर टक्क्यांचं चालणार नाही, त्यात पाणी असतं. स्लॉट मऊ ब्रशनं आणि फुंकणीनं साफ करावा, तोंडानं फुंकू नये.

दुसरा प्रकार दवाचा. रात्रभर एसी १८ वर. पहाटे करंट गेला, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडून गार झाला. सकाळी कुणी कोंदट वाटतं म्हणून खिडकी उघडली. बाहेर २८ अंश आणि पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असेल तर ज्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २५ च्या खाली आहे त्याच्यावर दव धरणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तसा मदरबोर्डला फुटतो, फक्त झाकणामागे असल्यानं दिसत नाही. करंट येतो, बटण दाबलं जातं आणि मशीन अर्ध्या मिनिटात जातं. खिडकी बंदच ठेवावी, मशीन खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, टेबलफॅन लावून दोन-तीन तास थांबावं. केस वाळवायचं यंत्र वापरू नये. आणि एसी मुळात २४-२५ वर ठेवावा. जास्त गार म्हणजे जास्त सुरक्षित ही समजूत इथे अंगाशी येते.

अर्थिंगचं थोडक्यात. चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट मोजायला सांगावं. दोन-तीनच्या आत असावेत. आकडा त्याहून वर गेला तर अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं राहून गेलंय का, जोड गंजलाय का, ते बघावं. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर ठेवला असेल तर आणखी एक. करंट जाऊन इन्व्हर्टर पुरवठा घेईपर्यंतची पोकळी एसएमपीएस फक्त सोळा-सतरा मिलिसेकंद भरून काढू शकतो. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, तो यूपीएसच्या बाजूला आहे याची खात्री करावी.

इथवर सगळं लोखंड आणि हवा. आता तो छोटा गोल सेल, सीआर२०३२. वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. नवा असताना तीन व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला की बदलावा. प्लगमध्ये वीज असते तोपर्यंत त्याच्यावर भार नसतो. सुट्टीत प्लग काढून ठेवला की मशीनचं घड्याळ आणि बायोसमधल्या नोंदी या दोन्हींचा भार त्याच्या एकट्यावर. तो मेला तर दोन वेगवेगळ्या घटना घडतात आणि दोन्हींमध्ये सर्व्हर ‘चालू होऊन पडतो’.

पहिली अशी. बायोस कारखान्यातल्या मूळ नोंदींवर जातो, डिस्का रेड म्हणून वाचायच्या की साध्या एएचसीआय पद्धतीनं, हेही बदलतं. विंडोज उठायला लागते, आपली डिस्क ओळखीच्या रूपात सापडत नाही, निळी स्क्रीन क्षणभर चमकते आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. त्या निळ्या स्क्रीनवरचा ७बी हा कोड याचाच. अशा वेळी विंडोज नव्यानं टाकणं म्हणजे चावी हरवली म्हणून घर पाडणं. बायोसमध्ये एक नोंद परत जागेवर आणली की सगळा डेटा जिथल्या तिथे असतो. म्हणून सर्व्हर धडधाकट असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

दुसरी घटना जास्त फसवी. मशीन नीट उठतं, पण घड्याळ कित्येक वर्षं मागे. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं त्या तारखेला अजून जन्मलेलीच नसतात, म्हणून ती नाकारली जातात. कार्यालयात डोमेन, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था, असेल तर तिथे ओळख तपासणारं कर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त तफावत चालवून घेत नाही. एकामागून एक सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, चालू होते आणि पडते, आणि प्रत्येकीचा एरर वेगळा, कुठेही ‘तारीख चुकली’ असं सरळ लिहिलेलं नाही. पावसात इंटरनेटही गेलेलं असेल तर घड्याळ आपोआप सुधारतही नाही. कुठल्याही लॉगमध्ये शिरण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. दोन सेकंद लागतात.

मशीन पडत नाही, त्याच्यावरची सेवा पडते, तेव्हाही तोच प्रश्न. किती सेकंदांनी? लिनक्सवर सेवा चालू-बंद करण्याचं काम सांभाळणारा सिस्टमडी हा २०१० पासूनचा, आणि त्याची घड्याळं ठरलेली आहेत. जी सेवा ‘मी तयार झाले’ असं त्याला कळवते, तिच्यासाठी वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो नव्वद सेकंद वाट बघतो आणि मग तिला मारतो. समजा करंट गेला आणि डेटाबेस अर्धवट बंद झाला. पुन्हा उठल्यावर तो आपल्या लॉगमधून पक्के झालेले व्यवहार पुन्हा लावतो आणि अपुरे मागे घेतो, त्याला डेटा मोठा असेल तर चार-पाच मिनिटं लागतात. नव्वदाव्या सेकंदाला त्याला मारलं जातं. पुन्हा उठतो, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा नव्वदावर. बाहेरून वाटतं डेटाबेस बिघडला, आणि खरं तर तो बरा होत असताना कुणी त्याला बरं होऊ देत नाही. त्या सेवेच्या युनिटमध्ये, म्हणजे तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, थांबायची मुदत पंधरा मिनिटं करावी आणि शांत बसावं. अनेक मशीनांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबरनेटीसवरही हेच. तपासणी लावलेली असेल आणि तिचे आकडे बदललेले नसतील, तर जिवंत आहेस का, असं तो दर दहा सेकंदांनी विचारतो, तीनदा उत्तर आलं नाही की मारतो. म्हणजे साधारण तीस सेकंद. तुमच्या जावा प्रोग्रॅमला उठायला पंचेचाळीस लागत असतील तर तो जन्मभर उठणार नाही. त्यासाठी सुरुवातीची वेगळी तपासणी लावायची सोय आहे, ती लावावी.

तीस, साठ, नव्वद असा गोल आकडा आणि दर वेळी तोच, असं दिसलं की मारणारा बाहेरचा आहे असं समजावं. वस्तू स्वतःहून बिघडतात तेव्हा इतक्या नेमक्या वेळेला बिघडत नाहीत.

सेवा एका सेकंदाच्या आत पडत असेल तर कारण बहुधा साधं असतं. सेटिंगच्या फाइलमधला एक जादा स्वल्पविराम, पोर्ट आधीच दुसऱ्या कुणी धरलेलं, फोल्डरवर लिहायची परवानगी नाही, किंवा डिस्क भरलेली. डिस्क बघताना दोन आकडे बघावे. लिनक्सवर डीएफ -एच (df -h) ही आज्ञा जागा दाखवते, डीएफ -आय (df -i) फाइलींची संख्या. जागा निम्मी रिकामी आणि फाइलींचा कोटा संपलेला, असंही होतं, आणि एरर दोन्हींचा एकच, ‘जागा नाही’. सिस्टमडी दहा सेकंदांत पाच प्रयत्न करून दमतो आणि शेवटी लिहितो, स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली. लोक ही शेवटची ओळ उचलतात आणि तिच्यावर उपाय शोधत बसतात. ती ओळ फक्त पाचदा पडलो एवढंच सांगते. वर वर जात पहिल्या प्रयत्नातली पहिली लाल ओळ गाठायची. उत्तर तिथे असतं.

पूर्ण मशीन पडून उठल्यावर लिनक्सवर जर्नलसीटीएल -बी -१ (journalctl -b -1) ही आज्ञा दिली की आधीच्या बूटच्या नोंदी मिळतात. पुष्कळ मशीनवर ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं, कारण व्हार-लॉगमध्ये (/var/log) जर्नल (journal) नावाचं फोल्डरच नसतं आणि नोंदी नुसत्या मेमरीत राहतात. ते फोल्डर आजच बनवून ठेवावं. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ आणि ६००८ हे आकडे शोधावे. ४१ च्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला मरताना काही कळलंच नाही, म्हणजे वीज, ताप किंवा बोर्ड. शून्य नसेल तर तो कोडच पुढची वाट दाखवतो. निळी स्क्रीन वाचता यावी म्हणून आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी.

लिनक्सवर प्रक्रियेचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, बाहेर पडण्याचा कोडही बोलतो. तो १२८ च्या वर असेल तर १२८ वजा करायचे, उरतो तो त्याला थांबवणाऱ्या संकेताचा क्रमांक. १३९ म्हणजे ११, प्रोग्रॅमनं परक्या मेमरीत पाय ठेवला. १४३ म्हणजे १५, कुणीतरी ‘थांब’ सांगितलं. १३७ म्हणजे ९, मारलं. १३७ दिसला की सगळे मेमरी कमी पडली म्हणून रॅम वाढवायला धावतात. आधी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी’ असे शब्द आहेत का ते बघावं. नसतील तर मारणारा वर सांगितलेला सिस्टमडी किंवा कुबरनेटीससारखा पहारेकरीसुद्धा असू शकतो, ‘थांब’ सांगून मुदतीत न थांबलेल्याला तोही असाच मारतो.

सापडलेलं कारण दुरुस्त केल्यावर एका वेळी एकच बदल. रॅमही पुसली, पेस्टही बदलली, यूपीएसही काढला आणि चालू झाला, तर काय दुरुस्त झालं ते कुणालाच कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अंधारात चाचपडणं. टिकला असं म्हणण्याआधी पूर्ण गार करून दोनदा उठवावा, एक रात्र भाराखाली चालवावा.

आणि पुढच्या चवथीला सुट्टीवर जाताना सर्व्हर नीट शटडाउन करून, सेल मोजून, बायोसचे फोटो तपासून जावं. परतल्यावर खिडकी न उघडता एसी ड्राय मोडवर दोन तास चालू द्यावा, आणि मग बटण. तो सेकंदांचा कागद कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा, खाली पुढच्या नोंदींना जागा सोडून. पेन्सिल तिथेच सुतळीनं बांधावी. पेनची शाई आपल्याकडच्या जुलैत फुटते.